महिनाभराचे रोजचे लेखन संपल्यावर

महिनाभर रोज काहीतरी लिहिण्याचा संकल्प तडीस गेला की दोन-चार दिवस लेखन बाजूला ठेवावे आणि मग सगळे लेख लिहिलेल्या क्रमाने, दुरुस्तीचा मोह आवरून, एका बैठकीत वाचून काढावेत. वाचताना प्रत्येक लेखाच्या समासात विषय कोठून सुचला, तो दिवसाच्या कोणत्या वेळी लिहिला आणि मूळ मुद्दा कितव्या परिच्छेदात सुरू झाला, एवढेच टिपावे. यांतली शेवटची नोंद सर्वांत उपयोगी ठरते. कारण घाईत लिहिलेल्या मजकुराचा पहिला परिच्छेद बहुधा हात मोकळा करण्यापुरताच असतो आणि तो सरळ कापला तरी लेखाचे काही बिघडत नाही. ('आज काय लिहावे हेच सुचत नाही' अशा सुरुवातीचा एखादा लेख तर हमखास सापडतो.)

महिना पुरा झाला म्हणजे सवय जडली, असे मात्र समजू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास साधारणपणे ६६ दिवस लागल्याचे दिसले. व्यक्तीगणिक हा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा होता आणि एखाद्या दिवसाच्या खाड्याने विशेष फरक पडला नाही. म्हणून पुढे रोजचा हट्ट परवडत नसेल, तर आठवड्यातील दोन वार ठरवून टाकावेत, परंतु नोंदींत जी वेळ फलदायी दिसली तीच कायम ठेवावी. नव्या विषयांची चिंताही लगेच नको. घाईत अर्धवट सुटलेले मुद्दे हेच पुढील लेखांचे भांडवल होय.