'शिकावं' तसंच राहतं, 'एस्तुदिए' बदलतं

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात स्पॅनिश बोलायला कोणीच नव्हतं. वही होती, मोबाइल होता आणि शेताच्या धुऱ्यावर उभं राहिलं की मिळणारं नेटवर्क. स्पॅनिशच्या बी-2 पातळीच्या परीक्षेची तयारी करताना मी इम्पर्फेक्ट सब्जंक्टिव्हपाशी, म्हणजे इच्छा, आज्ञा, कल्पना सांगणाऱ्या भूतकाळी रूपापाशी, चार महिने अडकले.

रूप बनवणं सोपं आहे, त्याला घाबरू नका. प्रितेरितोमधलं, म्हणजे साध्या भूतकाळातलं, अनेकवचनी 'ते'चं रूप घ्या, 'रोन' काढा, 'रा' लावा. आब्लारोन-आब्लारा (बोलणं), कोमिएरोन-कोमिएरा (खाणं), बिबिएरोन-बिबिएरा (जगणं). 'रा'ऐवजी 'से' लावलेलं 'आब्लासे' हेही बरोबरच, पण वाचताना ओळखता आलं की पुरे. ही रूपं तुमच्या वहीत देवनागरीत मात्र उतरवू नका. आब्लारा आणि भविष्यकाळातलं आब्लारा आपल्या लिपीत सारखंच दिसतं. भविष्यकाळात जोर शेवटच्या 'रा'वर असतो.

मी फसले ते वाक्यात. 'मी शिकावं असं बाबांना वाटायचं' हे मी लिहिलं: मि पाद्रे केरीआ के एस्तुदिए. चूक! नीट बघा. 'बाबांना वाटतं मी शिकावं', 'बाबांना वाटायचं मी शिकावं'. वाटणं भूतकाळात गेलं तरी 'शिकावं' जागचं हललं नाही. स्पॅनिशमध्ये त्यालाही मागे जावं लागतं: किएरे के एस्तुदिए, पण केरीआ के एस्तुदिआरा. 'कापूस विक, असं मायनं सांगितलं' यात तर आपण सरळ आज्ञार्थ ठेवतो. तिकडे: मि माद्रे मे दिखो के बेन्दिएरा एल आल्गोदोन. म्हणून आधी पहिलं क्रियापद तपासा. ते इच्छा किंवा आज्ञा सांगणारं असेल आणि भूतकाळात असेल, तर 'के'नंतर (म्हणजे 'की'नंतर) 'रा'. मी प्रत्येक वाक्यात त्याखाली रेघ ओढायचे. तुम्हीही ओढा, लाज वाटू देऊ नका.

एका शिकवणाऱ्यांनी मला इंग्रजीतून विचार करायला सांगितलं होतं. ते ऐकून माझं नुकसान झालं. इंग्रजीत तिथे नुसतं 'टू स्टडी' येतं, रूप दिसतच नाही. आपल्याकडे 'शिकावं'सारखा विध्यर्थ आहे, तो सब्जंक्टिव्हच्या कितीतरी जवळ आहे. आणि क्रियापदांच्या रूपांचे विकत मिळणारे तक्ते घेऊ नका. तक्ता पाठ होतो, वाक्य येत नाही.

'सि'चं, म्हणजे 'जर'चं, थोडक्यात: नुसत्या कल्पनेतल्या गोष्टीत 'सि'नंतर 'रा', दुसऱ्या बाजूला 'रीआ'. सि बेन्दिएरा एल आल्गोदोन, कोम्प्रारीआ ऊना बिसिक्लेता: कापूस विकला असता, तर सायकल घेतली असती. मराठीत दोन्हीकडे 'असता-असती' येतं, म्हणून हात चुकतो. सरावानं जातं ते, खरंच जातं.

'ओखाला', म्हणजे 'असं व्हावं', मला जुलैत समजलं. आभाळ भरून आलं असेल तर ओखाला युएबा, पाऊस पडावा. पण त्या वर्षी पेरणी झाली आणि पावसानं दडी मारली. मी धुऱ्यावर ओखाला योबिएरा म्हणत होते.

बाबांनी विचारलं, "काय पुटपुटून रायली व?"

"पाऊस पडता तर, असं म्हणते."

"हौ न बाई," ते म्हणाले आणि पऱ्हाटीकडे बघत राहिले.