एमवायपीत शिकवायला जाताय? प्रॅक्टिकलची वही घरी ठेवून जा

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी गेले की दरवेळी कुणीतरी विचारतंच, ताई तुमच्या त्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळेत लागायला काय करावं लागतं. यंदा तर जळगावहून एक, भुसावळहून दोन आणि धुळ्याहून एक असे चौघींचे फोन आले, सगळ्या बीएससी बीएड, दोघींची टीईटी झालेली, आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, आमचं इंग्लिश चालेल का. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. मी यावल तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, एमएस्सी केमिस्ट्री, बीएड, पाच वर्षं स्टेट बोर्डाला शिकवलं आणि मग पुण्याकडच्या एका शाळेत एमवायपीला, म्हणजे आयबीच्या मिडल इयर्स प्रोग्रामला, सायन्स. आता सहावं वर्ष चालू आहे, तरी पहिल्या वर्षाची आठवण आली की अजूनही पोटात गोळा येतो.

इंग्लिश चालेल. अडखळलात तरी चालेल, माझं चाललं. मुलं सांभाळून घेतात, एखादा पालक नाक मुरडतो, पण मुलाचं काम दिसायला लागलं की तोही काही बोलत नाही. मात्र एक स्पष्ट सांगते, तुम्हाला वर्गात चाळीस मिनिटं स्वतःच बोलायला आवडत असेल, फळा भरून नोट्स द्यायला आवडत असेल आणि ते सोडायची मनापासून तयारी नसेल तर येऊ नका. नुसता पगार बघून तर अजिबात येऊ नका. तुम्हीही भरडल्या जाल आणि मुलंही.

बेसिक माहिती तुम्ही वाचलेलीच असणार, ११ ते १६ वयाची मुलं, पाच वर्षं, आपल्या हिशोबानं साधारण सहावी ते दहावी, आठ सब्जेक्ट ग्रुप, प्रत्येक विषयाला वर्षाला किमान ५० तास. आयबी १९६८ पासून आहे, एमवायपी १९९४ ला आलं, मुलाखतीत हे कुणी विचारत नाही. पण एक गोष्ट वाचून कळत नाही ती म्हणजे इथे बोर्डाचं पुस्तक नसतं. आयबी तुम्हाला धडे देत नाही, उद्दिष्टं देते. कोणता धडा कोणत्या महिन्यात संपवायचा हे सांगणारं कुणी नाही, ते शाळेनं आणि तुम्ही ठरवायचं. मी पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये पुस्तक कुठंय पुस्तक कुठंय करत फिरत होते.

आता मी जिथं अडकले ते सांगते, आणि ते जरा लांबवूनच सांगणार आहे कारण स्टेट बोर्डातून आलेली जवळजवळ प्रत्येक सायन्स टीचर इथेच अडकताना मी बघितली आहे.

एमवायपी थ्रीचा वर्ग होता, म्हणजे आठवी. युनिटची की कॉन्सेप्ट (मुख्य कल्पना) चेंज, रिलेटेड कॉन्सेप्ट (जोडीची कल्पना) कंडिशन्स, आणि मी विषय घेतला केळी पिकण्याचा. म्हटलं आपल्या घरचा विषय, लहानपणापासून केळीच्या बागेत वाढलोय, यात आपण कशाला कमी पडतो. रात्र जागून वर्कशीट बनवलं, अगदी आपल्या जर्नलसारखं, उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण तक्ता आखून. दहा हिरवी केळी घ्या, पाच कागदी पिशवीत पिकलेल्या सफरचंदासोबत ठेवा, पाच दुसऱ्या पिशवीत नुसतीच ठेवा, रोज दोन्हीकडचं एकेक केळ कापून त्यावर आयोडीनचा थेंब टाका, निळा-काळा रंग कुठपर्यंत येतो ते लिहा. स्टार्चची साखर होत गेली की रंग कमी येतो, किती छान दिसतं ते. मुलांनी मनापासून केलं, तक्ते सुबक, ग्राफ सुबक. सायन्सचे मार्क ए ते डी अशा चार क्रायटेरियनवर, म्हणजे निकषांवर, प्रत्येकी आठपैकी देतात, त्यातल्या क्रायटेरियन बी ला मी धडाधड सात आणि आठ दिले आणि त्याच संध्याकाळी ते पालकांना दिसले पण.

पुढच्या आठवड्यात स्टँडर्डायझेशनची, म्हणजे सगळ्या टीचर एकाच मापानं तपासतात ना ते बघायची मीटिंग. कोऑर्डिनेटर मॅडमनी तीन मुलांचे पेपर मागितले, एक हुशार, एक मधला, एक कच्चा. तिन्ही शेजारी ठेवले आणि मला हिरवा पेन दिला. म्हणाल्या, यात मुलानं स्वतः ठरवलेलं जे जे आहे त्याखाली रेघ मार. मी पहिला कागद उलटला, दुसरा उलटला, तिसरा उलटला. रेघ मारायला जागाच नव्हती.

नीट बघा. क्रायटेरियन बी म्हणजे इन्क्वायरिंग अँड डिझायनिंग, आणि त्याचे चार स्ट्रँड, म्हणजे पोटभाग आहेत. तपासता येईल असा प्रश्न मांडणं, कारणासकट हायपोथिसिस (अंदाज) मांडणं, व्हेरिएबल (बदलणाऱ्या गोष्टी) कसे हाताळणार आणि डेटा कसा गोळा करणार ते सांगणं, आणि पद्धत आखणं. माझ्या वर्कशीटच्या शीर्षकात प्रश्न होता. पहिल्या ओळीत मीच लिहिलं होतं की पिकलेलं फळ एथिलीन हा पिकवणारा वायू सोडतं, म्हणजे हायपोथिसिस आणि त्याचं कारण दोन्ही गेलं. किती केळी, किती दिवस, काय सारखं ठेवायचं, काय बदलायचं, तेही मीच. पद्धत तर आकडे घालून दिलेली. मुलाकडे उरलं काय? अक्षर. मी सात आणि आठ दिले ते अक्षराला दिले. त्या कागदांवरून क्रायटेरियन सी बघता आला असता, कारण डेटा मांडणं, त्याचा अर्थ लावणं, पद्धतीत काय कमी पडलं ते सांगणं हे मुलांनी केलेलं होतं. पण बी त्या कागदात नव्हताच. जे मुलाला करायला मिळालंच नाही त्याचे मार्क देता येत नाहीत, आणि कापताही येत नाहीत. अख्ख्या वर्गाचा टास्क रद्द झाला, पालकांना मेल गेला, आणि मी लॅबच्या स्टोअररूममध्ये जाऊन रडले.

इथे कुणी घाबरून जाऊ नये म्हणून सांगते, कृती देऊन केलेलं प्रॅक्टिकल वाईट नाही. आयोडीन कसं टाकायचं, थर्मामीटर कसा वाचायचा, हे हात धरूनच शिकवावं लागतं, सरावाला ते शंभर वेळा करा. फक्त ते बी साठी समेटिव्ह, म्हणजे मार्कांचा टास्क, म्हणून लावू नका. एवढंच. पण हे एवढंच कळायला मला अख्खी टर्म गेली.

आणि मग मी दुसऱ्या टोकाला गेले. म्हटलं काही सांगायचंच नाही. मुलांना म्हटलं, केळी आहेत, करा काय करायचं ते. पाच दिवस गोंधळ, कुणी केळी मायक्रोवेव्हमध्ये घालू का विचारतंय, कुणी नुसते फोटो काढतंय, मोजत कुणीच नाही. इन्क्वायरी म्हणजे शिकवायचं नाही असा समज नव्या टीचरमध्ये फार आहे आणि तो चुकीचा आहे. ज्या मुलाला एथिलीन माहीत नाही, स्टार्च माहीत नाही, त्याला प्रश्न पडणार कुठून.

दिवाळीला घरी गेले तेव्हा हे सगळं नानांना सांगत होते. नाना शेतातून आले होते, हातपाय धुऊन खाटेवर बसलेले. वर्कशीटचं ऐकून म्हणाले, तूच सगळं सांगून टाकलं तं पोरं काय करतीन? आणि मग मला आठवलं, टिश्यूकल्चरची रोपं आमच्या भागात यायला लागली तेव्हा नानांनी अख्खं शेत नव्हतं बदललं. चार ओळी टिश्यूच्या, शेजारी चार ओळी कंदाच्या, तीच जमीन, तेच ड्रिप, तेच खत, एकाच आठवड्यात लागवड, आणि वहीत दोन्हीकडच्या घडांची वजनं आणि निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) तारखा. हाच तिसरा स्ट्रँड की हो. कुणी त्यांना वर्कशीट दिलं नव्हतं, पण केळीचं सगळं ज्ञान आधीपासून होतं म्हणून काय मोजायचं ते त्यांना सुचलं. दोन्ही गोष्टी लागतात.

आता मी काय करते ते सांगते. आधी तीन-चार तास सरळ शिकवते, एथिलीन, स्टार्च, आयोडीन टेस्ट, सगळं. मग टास्कच्या कागदावर फक्त परिस्थिती देते, एका व्यापाऱ्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये काही क्रेट आधी पिकतात आणि काही मागे राहतात, यामागे काय असू शकतं त्यातला एक प्रश्न निवडून तपासा. मिळणाऱ्या साहित्याची यादी देते, दहा दिवसांची मुदत, सेफ्टीच्या दोन ओळी, आणि खाली कोरा कागद. पद्धत मला दाखवल्याशिवाय कुणी केळ्याला हात लावायचा नाही, पण बघून मी फक्त प्रश्न विचारते, दुरुस्त करून देत नाही. एका मुलीनं काही केळी फ्रिजमध्ये ठेवली, तिचा अंदाज होता की थंडीत ती हळूहळू पण नीट पिकतील. साल काळी पडली आणि आत केळ कच्चंच राहिलं, कारण साधारण १३ अंशाच्या खाली केळ्याला थंडी बाधते. अंदाज चुकला, तरी बी मध्ये तिला सात मिळाले, कारण प्रश्न तिचा, कारण तिचं, मोजणी तिची. आणि क्रायटेरियन डी, म्हणजे विज्ञानाच्या परिणामांचा विचार, त्यासाठी कार्बाइड घेतलं, फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला आपल्याकडे बंदी आहे तरी ते का वापरलं जातं, कुणाचा फायदा, कुणाच्या तब्येतीवर परिणाम. तिथे तर वर्ग आवरेना.

अजून एक, कमांड टर्म, म्हणजे काय करायचं ते सांगणारं क्रियापद, बघून टास्क लिहा. प्रश्न मांडायचा हेच काम पहिल्या वर्षी आउटलाइन असतं, तिसऱ्या वर्षी डिस्क्राइब, पाचव्या वर्षी एक्सप्लेन. तुमच्या प्रश्नात स्टेट लिहिलं असेल तर मुलगा एका ओळीत उत्तर देणार आणि ते बरोबरच असणार, पण वरच्या बँडला जायचा रस्ता तुम्हीच बंद केला.

मार्कांचं थोडक्यात. प्रत्येक क्रायटेरियन आठचा, चार मिळून ३२, २८ किंवा जास्त झाले की ग्रेड सात. सरासरी काढायची नाही. एखाद्याला बी मध्ये वर्षभरात तीन, पाच, सहा, सहा आले तर बेरीज भागिले चार करून पाच देऊ नका, तो आता सहावर स्थिर आहे हे तुम्हाला दिसतंय ना, मग सहा. बोर्डाच्या सवयीनं हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो, माझाही जायचा. पालक तर टक्के काढतातच, २४ म्हणजे ७५ टक्के, पोरगं घसरलं. त्यांना शांतपणे सांगायचं की २४ म्हणजे सातपैकी सहावी ग्रेड आहे. दरवर्षी सांगावं लागतं, वैतागू नका.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. तयार युनिट प्लॅनरची पीडीएफ व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात, आता तर एआयकडून दोन मिनिटांत स्टेटमेंट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे युनिटचं मुख्य वाक्य, लिहून मिळतं, दिसायला चकाचक. पण त्यावरून वर्गात मुलानं एक उलटा प्रश्न विचारला की तुम्ही उघड्या पडता, कारण ते वाक्य तुमच्या डोक्यातून आलेलंच नसतं. मी पहिला प्लॅनर सात वेळा लिहिला. सातवा पण काही भारी नव्हता, पण माझा होता. आणि मेंटॉर निवडायची संधी मिळाली तर गोड बोलणारी निवडू नका. तुमचा टास्क छान आहे गं म्हणून परत देणारी मॅडम तुमचं नुकसान करते. हिरवा पेन हातात देणारी शोधा. मला त्या मॅडमचा तेव्हा भयंकर राग आला होता, आज त्यांच्याशिवाय मी टिकले नसते असं मला मनापासून वाटतं.

बाकी एटीएल (शिकण्याची कौशल्यं), ग्लोबल कॉन्टेक्स्ट (विषयाचा जगाशी संबंध), सर्व्हिस अॅज अॅक्शन (समाजासाठीचं काम) हे सगळं करता करता जमतं, त्याचं टेन्शन घेऊ नका. पाचव्या वर्षाला पर्सनल प्रोजेक्ट असतो, तिथे तुम्हाला सुपरवायझर करतील, त्याचा रिपोर्ट जास्तीत जास्त १५ पानांचा, त्यातलं एक वाक्यही मुलाच्या वतीनं लिहू नका, पालकांनी कितीही गळ घातली तरी. दोन विषयांचं मिळून इंटरडिसिप्लिनरी युनिट वर्षाला एक तरी करावं लागतं, त्याला नव्या टीचर उगाच घाबरतात. आपल्याकडे तर खजिना पडलाय. चाळीसगावजवळ पाटणला १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याचा. गणित आणि इतिहास एकाच दगडावर, अजून काय पाहिजे. खान्देशातून आलोय म्हणून आपल्याकडे एक्सपोजर नाही असं मुलाखतीत म्हणणाऱ्या मुली बघितल्या की मला फार वाईट वाटतं.

डेमो लेक्चरला पीपीटी नेऊ नका. हातात धरता येईल अशी वस्तू न्या, कपाशीचं बोंड न्या, भरताचं हिरवं वांगं आणि बाजारातलं जांभळं वांगं शेजारी ठेवा, आणि मुलांना पाच मिनिटं नुसतं बघून प्रश्न लिहू द्या. ती पाच मिनिटं गप्प उभं राहणं फार अवघड जातं, समोर पॅनल बसलेलं असतं, वाटतं आपण काहीच करत नाहीये. उभ्या राहा. पहिला प्रश्न आला की लगेच उत्तर देऊ नका, कुणाला काय वाटतं ते वर्गालाच विचारा.

आणि मुलाखत संपताना तुम्हीही विचारा. माझी मेंटॉर कोण असेल, टास्क मुलांना द्यायच्या आधी कुणी बघतं का, स्टँडर्डायझेशन वर्षातून किती वेळा होतं, आणि नव्या टीचरसाठीचं आयबीचं कॅटेगरी वन वर्कशॉप असतं त्याची फी शाळा भरते की माझ्या पगारातून कापते. बाँडचा कागद पुढे केला तर तिथल्या तिथे सही करू नका, घरी आणा, दोन दिवस ठेवा, कुणाला तरी वाचायला द्या. मी केली होती, ऑफिसात उभ्या उभ्या, दोन वर्षांची.