अ‍ॅम्प्लिफायर घेताना या चुका टाळा: २५ वॅटनं १०० वॅटचा स्पीकर कसा जळतो

विजापूर रोडला नवं घर झालं, त्या वास्तुशांतीच्या दिवशी हॉलमध्ये सकाळपासून सनई लावली होती. स्पीकर चांगले होते, मागच्या पट्टीवर १०० वॅट लिहिलेले. अ‍ॅम्प्लिफायर २५ वॅटचा. माणसं वाढत गेली तसं "आवाज वाढवा की ओ" सुरू झालं आणि मी नॉब फिरवत गेलो. रात्री पाहुणे पांगल्यावर ऐकायला बसलो, तर डाव्या स्पीकरमधून सनई गोधडीखालून आल्यासारखी येत होती. ट्विटरची, म्हणजे वरचे बारीक स्वर काढणाऱ्या छोट्या स्पीकरची, कॉइल जळाली होती. मेहुणा म्हणाला, "दाजी, २५ वॅटचा अ‍ॅम्प १०० वॅटच्या स्पीकरला कसा काय जाळेल?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर कळलं तर अ‍ॅम्प निवडतानाच्या निम्म्या चुका आपोआप टळतात, म्हणून ते आधी सांगतो.

अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायमध्ये जेवढे व्होल्ट आहेत, त्यापलीकडे तो जाऊ शकत नाही. हलगीचा ठोका किंवा तबल्याची थाप त्या मर्यादेच्या वर गेली की लाटेचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. आपण आवाज फाटला म्हणतो. माथे कापले गेले तरी नॉब पुढं सरकवला की मधले आणि बारीक आवाज वाढतच राहतात आणि सरासरी पॉवर चढत जाते. लाट पूर्ण चौकोनी होईपर्यंत ताणली, तर २५ वॅटच्या अ‍ॅम्पमधून ५० वॅटपर्यंत पॉवर निघू शकते. शिवाय कापलेल्या कडांमधून मूळ संगीतात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि क्रॉसओव्हर (पेटीतला, स्वर वाटून देणारा भाग) ते ट्विटरकडे पाठवतो. पट्टीवरचे १०० वॅट हे सगळ्या स्पीकरचे, तेही नेहमीच्या संगीतासाठी. त्यातली ट्विटरची केसासारखी बारीक कॉइल सतत मोजकेच वॅट सोसते.

म्हणजे "लहान अ‍ॅम्प घेतला की स्पीकर सुरक्षित" ही समजूत चुकीची आहे. मोठा अ‍ॅम्प घेतला म्हणून स्पीकर वाचेलच असंही नाही. आवाज फाटायला लागला की त्याच क्षणी नॉब मागं घ्यायचा. दुसरं कुठलंही संरक्षण याच्याइतकं खात्रीचं नाही.

पेटीवरचा आकडा

दुकानात पेटीवर २००० वॅट पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल पॉवरचा दावा) दिसलं तर तो आकडा विसरून जा. पीएमपीओ मोजायची सगळ्यांनी मान्य केलेली पद्धतच नाही. आरएमएस (सतत मिळणारी पॉवर) लिहिलेलं असलं तरी पुढचं बारीक अक्षर वाचावं: किती ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरच्या वीजविरोधाचं माप), डावा-उजवा यांतला एकच चॅनेल चालवून की दोन्ही, किती विकृतीवर (मूळ आवाज किती बिघडला, त्यावर). ६ ओहमवर, एकाच चॅनेलवर, १० टक्के विकृतीला मोजलेले १०० वॅट आणि ८ ओहमवर, दोन्ही चॅनेल चालू ठेवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंत १ टक्क्याच्या आत मोजलेले १०० वॅट यांत खूप अंतर आहे. दुसऱ्या पद्धतीनं मोजलेला ५० वॅटचा अ‍ॅम्प पहिल्याला सहज भारी पडू शकतो. १० टक्के विकृती म्हणजे आवाज उघड फाटलेला. अमेरिकेत या फुगवलेल्या आकड्यांना आळा घालायला १९७४ साली सरकारी नियम करावा लागला होता.

आणखी एक सोपी पारख आहे. अ‍ॅम्प उलटा फिरवून मागची पाटी वाचा. तो विजेच्या बोर्डातून ६० वॅट घेतो असं तिथं लिहिलं असेल आणि पेटीवर २००० वॅट असेल, तर उरलेले वॅट येणार कुठून?

वॅट दुप्पट, आवाज थोडाच

५० वॅटऐवजी १०० वॅट घेतले की आवाज दुप्पट होईल असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. प्रत्यक्षात वाढतात ३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम "हं, थोडा वाढला" वाटेल इतकं. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी पॉवर दहापट करावी लागते. म्हणून ८० आणि १०० वॅटच्या दोन अ‍ॅम्पमध्ये अडकून जादा पैसे मोजू नका. त्यांच्यात फरक एकाच डेसिबलचा आहे.

खरा फरक पाडते स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. १ वॅट दिला की १ मीटरवर किती डेसिबल मिळतात, तो हा आकडा. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेणं म्हणजे अ‍ॅम्पची पॉवर दुप्पट केल्यासारखंच. फक्त एक पाहावं: हा आकडा बऱ्याचदा २.८३ व्होल्टवर दिलेला असतो. ८ ओहमच्या स्पीकरला तेवढ्यात १ वॅट जातो, ४ ओहमच्या स्पीकरला २ वॅट. ४ ओहमवाल्याच्या आकड्यातून ३ वजा करूनच तुलना करा.

आता आपल्याकडचा १२ बाय १४ फुटांचा हॉल घ्या. स्पीकर ८६ डेसिबलचे, सोफा १० फुटांवर. मोकळ्या मैदानात तेवढ्या अंतरावर साडेनऊ डेसिबल कमी होतील. खोलीत भिंती थोडं परत देतात आणि स्पीकर दोन असल्यानं आणखी ३ मिळतात. सगळं धरून प्रत्येकी १ वॅटवर सोफ्यावर ८२ डेसिबलच्या आसपास पोचतात. घरात बसून ऐकायला हे मोठंच आहे. पण चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये थापेचा माथा सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर उडतो. तो १०० डेसिबलपर्यंत स्वच्छ यायला हवा असेल तर ६० वॅट लागतात. ९५ डेसिबलवर समाधान असेल तर २० वॅट पुरतात. ९० डेसिबलचे स्पीकर असतील तर १०० डेसिबलचा माथाही २५ वॅटमध्ये बसतो.

मे महिन्यात या हिशेबात कूलर येतो. त्याच्या घरघरीवर मात करायला आपण नकळत नॉब बराच पुढं नेतो. अ‍ॅम्प कमी पडतो अशी तक्रार उन्हाळ्यातच का, याचं उत्तर कधी कधी तिथं असतं. दुसरी गोष्ट शहाबादी फरशीची. फरशी, उघड्या भिंती आणि सिमेंटचा स्लॅब यांच्यात आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत आणि कळावेत म्हणून आवाज वाढवला जातो. वाढवल्यानं घुमणंही तेवढंच वाढतं. जमिनीवर जाड सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर भिंतीपासून चार बोटं सोडून दुहेरी सोलापुरी चादर लावून पाहा. खर्जाला चादरीचा उपयोग नाही, पण वरचे स्वर निवळतात. माझ्याकडे त्यानंतर नॉब पूर्वीपेक्षा मागंच राहिला.

स्वतः मोजून पाहा

अंदाजापेक्षा मल्टिमीटर बरा, आणि नवा अ‍ॅम्प घेण्याआधी जुन्यावरच हे मोजता येतं. तुम्ही ऐकता त्यातल्या सर्वांत मोठ्या आवाजावर नॉब लावा आणि तिथंच राहू द्या. अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढा. (व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या जुन्या धाटणीच्या अ‍ॅम्पवर हे करू नका, तो स्पीकरशिवाय चालवायचा नसतो.) आता अ‍ॅम्प सुरू करून १०० हर्ट्झचा, उणे १२ डेसिबलचा टेस्ट टोन वाजवा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून एका चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर मोजा. उणे १२ म्हणजे पूर्ण पातळीच्या पाव व्होल्ट. त्यामुळं ८ ओहमच्या स्पीकरसाठी आलेल्या व्होल्टचा वर्ग करून दुप्पट केला की संगीताच्या माथ्याला लागणारे वॅट मिळतात. ३ व्होल्ट आले तर १८ वॅट, ५ आले तर ५०. ४ ओहमला याच्या दुप्पट धरा. १०० वॅटशिवाय भागणार नाही म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा आकडा २० च्या खाली निघेल असं मला वाटतं.

ओहमकडे दुर्लक्ष

स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी काही स्वरांवर तो बराच खाली उतरतो. ४ ओहमचा स्पीकर घ्यायचा असेल तर तो अ‍ॅम्प ४ ओहमवर चालेल असं मागच्या पाटीवर लिहिलेलं हवं. नेहमीची चूक अशी की हॉलमधल्या जोडीलाच गच्चीवरची जोडी समांतर जोडली जाते. ८ आणि ८ चे ४ होतात, ४ आणि ४ चे २. मग मोठ्या आवाजात अ‍ॅम्प मधूनच बंद पडतो आणि दोष विजेच्या व्होल्टेजला दिला जातो. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्पमध्ये २३० चे २०० व्होल्ट झाले तर पॉवर सुमारे चौथाईनं घटते हे खरं, पण कानाला तो फरक सव्वा डेसिबलचा. त्यासाठी स्टॅबिलायझर घेऊ नका.

मंडपवाल्याकडचा पीए अ‍ॅम्प स्वस्तात मिळतो म्हणून घरी आणणारेही आहेत. त्यावर १०० व्होल्ट लाइनचं टर्मिनल असतं. ते ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या भोंग्यांसाठी. घरचा स्पीकर तिथं जोडला तर तो वाचणं कठीण. ८ ओहमच्या टर्मिनलवर तो वाजेल, पण ते यंत्र भाषण लांबवर पोचवायला केलेलं असतं.

उष्णतेचं थोडक्यात. क्लास एबी अ‍ॅम्प बरीचशी वीज उष्णता म्हणून फेकतो. बाहेर ४२ अंश असताना तो शोकेसच्या बंद कप्प्यात, वर विणलेला रुमाल टाकून ठेवला तर थर्मल कटआउट होणारच, म्हणजे तापून तो आपोआप बंद पडणारच. वर वीतभर मोकळी जागा ठेवा.

पॉवर कमी की जोडणी उलटी?

खर्ज येत नाही, आवाजात जीव नाही, म्हणून अ‍ॅम्प बदलायला निघाला असाल तर आधी वायरी पाहा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली की एकाचा पडदा पुढं येताना दुसऱ्याचा मागं जातो आणि खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून जवळ ठेवा, एकाच स्पीकरच्या वायरी उलट करा आणि ऐका. खर्ज वाढला तर आधीची जोडणी चुकीची होती.

एक स्पीकर मंद वाटत असेल तर डाव्या-उजव्या वायरी अ‍ॅम्पकडे अदलाबदल करा. दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला तर स्पीकर तपासा, दुसऱ्या बाजूला गेला तर अ‍ॅम्प किंवा त्यामागचं यंत्र. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसहा ओहम दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. ट्विटर मात्र मागच्या टर्मिनलवरून मोजता येत नाही, त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो. स्पीकर खोलून ट्विटरच्याच दोन टोकांवर थेट मीटर लावा. माझ्या डाव्या ट्विटरवर मीटरचा आकडा हललाच नाही. नवी कॉइल बसवली, आणि आता हॉलमध्ये ६० वॅटचा अ‍ॅम्प आहे.