नवं मशीन मोडकं आलं? निदान या चुका तरी टाळा

एरवी अर्ध्या मिलिमीटरवरून हुज्जत घालणारा सुतार नव्या मशीनचा ट्रक दारात उभा राहिला की डोळे मिटून सही करतो. नंतर फोन सुरू होतात. हॅन्डव्हील तुटलंय, पाय वाकलाय, विकणारा ऐकत नाही, आता काय करू? मी आधी एकच विचारतो, पोचपावतीवर काय लिहून दिलंस? पलीकडे शांतता.

न बघता सही करणं

पोचपावतीवर 'माल सुस्थितीत मिळाला' असं आधीच छापलेलं असतं. त्याखाली तुमची कोरी सही पडली की वाहतूकवाल्याच्या लेखी विषय संपतो. मोडतोड वाटेतच झाली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग तुमच्या गळ्यात. ड्रायव्हर घाई करणारच, त्याला पुढे माल उतरवायचा असतो. त्याची घाई त्याच्यापाशी राहू द्या.

खोका गाडीवर असतानाच फोटो काढा, उतरल्यावर सगळ्या बाजूंनी पुन्हा काढा. बघायचं काय? कोपरे दबलेत का, फोर्कलिफ्टच्या दात्याने भोक पाडलंय का, पॅलेटच्या खालच्या फळ्या मोडल्यात का, एखादी पट्टी तुटून तिथे वेगळ्याच रंगाची पट्टी मारलीय का, तळाशी तेलाचा ओघळ आहे का. खोका कलंडला किंवा आपटला की लाल होणारं स्टिकर असेल तर तेही बघा. ते लाल झालं म्हणजे मशीन मोडलंच असं नाही, पण पावतीवर त्याची नोंद हवीच.

काही हुशार मंडळी 'तपासणीच्या अधीन राहून स्वीकारले' असं लिहितात आणि निर्धास्त होतात. त्या वाक्यात नुकसानीचा एक शब्दही नाही, त्यामुळे दाव्याच्या वेळी ते फारसं कामाला येत नाही. 'डाव्या बाजूची खालची फळी मोडली आहे, भोकातून मशीनचा पत्रा दिसतो, पत्रा आत दबला आहे' असं लिहा. ड्रायव्हरची सही घ्या, त्या कागदाचा फोटो काढा, मगच गाडी सोडा.

माल परत पाठवायचा की ठेवून घ्यायचा? मशीन खोक्यात आडवं पडलं असेल किंवा बैठकच फुटली असेल तर उतरवूनच घेऊ नका, गाडी उभी असतानाच विकणाऱ्याला फोन लावा. बाकी बहुतेक वेळा नोंद करून ठेवून घेतलेलं बरं. परतीच्या प्रवासात आणखी मोडतोड होते आणि मग कोणती कधीची यावर वाद घालत बसावं लागतं.

आता लपलेलं नुकसान, म्हणजे खोका धड आणि आत चुरा. इथे मुदत महत्त्वाची. समुद्रमार्गे आलेल्या मालासाठी १९२४ च्या हेग नियमांत वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना ३ दिवसांत द्यावी लागते, नाहीतर माल ठीक पोचला असं धरून चालतात. आंतरराष्ट्रीय रस्ता वाहतुकीच्या १९५६ च्या सीएमआर करारात ही मुदत रविवार आणि सुट्ट्या सोडून ७ दिवस आहे. विमानाने आलेल्या मालासाठी १९९९ च्या माँट्रियल करारात १४ दिवस. तुमच्या मालाला कोणता नियम लागू आहे ते वाहतुकीच्या कागदांवरच्या बारीक अक्षरांत असतं, ते वाचा. 'जागा झाली की खोका उघडू' म्हणणाऱ्यांनी तर दोनदा वाचा.

तडा गेलेलं बीड 'भरून' घेणं

ही चूक बघून मला खरंच राग येतो, म्हणून जरा सविस्तर.

मशीनचं टेबल, बैठक, पातं तिरकं करणारे ट्रनियन हे भाग बहुधा बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. बिडात २ टक्क्यांहून जास्त कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांसारखा आत पसरलेला असतो. त्यामुळे बीड थरथर छान शोषून घेतं, पण दणका बसला की वाकत नाही, सरळ तडकतं. आणि तडा रंगाखाली असेल तर केसाएवढी रेघ दिसते किंवा तीही दिसत नाही.

ओळखीच्या एका कारखानदाराने नवा टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली गोल करवत, आणला. खोक्याचा एक कोपरा किंचित दबलेला होता. 'एवढ्याने काय होतंय' म्हणून सही करून मोकळा झाला, आणि त्याच्या पोरांनी त्याच खोक्याच्या फळ्यांची मांडणी करून टाकली. मशीन सुरू झालं, चाललंही. मग तक्रारी. पातं टेबलावरच्या खाचेला समांतर लावावं, ९० अंशात बरोबर कापावं, ४५ अंशात नेलं की लाकूड जळायला लागावं. परत ९० वर आणलं की समांतरपणा गेलेला. तो रोज बोल्ट ढिले करून नव्याने जुळवायचा. कोणी म्हणे पातं खराब, कोणी म्हणे फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची सरळ पट्टी. नवं पातंही आणून झालं. मुळाशी जायचा कंटाळा असला की माणूस सुटे भाग बदलत बसतो.

मी गेलो तेव्हा आधी प्लग काढला, टेबलाखाली बॅटरी मारली आणि मागच्या ट्रनियनच्या बोल्टापाशी रंगात बारीक रेघ दिसली. फोटो घेऊन तिथला रंग खरवडला, रॉकेल लावून थोडा वेळ मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वरून खडू घासला. थोड्या वेळात खडूवर ओली रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल खडूने बाहेर ओढलं होतं. जुनी युक्ती आहे, काही खर्च नाही. पुढे विकणारा म्हणाला वाहतुकीत झालं, वाहतूकवाला म्हणाला सुस्थितीची सही आहे. ट्रनियन शेवटी पदरच्या पैशाने आला.

अशा वेळी लोक दोन गोष्टी करतात, वेल्डिंग किंवा एपॉक्सी. बिडाचं वेल्डिंग होतं, पण त्याला आधी सगळा भाग तापवणं, निकेलचा रॉड आणि हळूहळू थंड करणं एवढं सगळं लागतं, आणि त्या उष्णतेने यंत्रावर सपाट केलेली बाजू वाकडी होऊ शकते. बैठकीचा कान तुटला असेल तर करा हवं तर. टेबल, ट्रनियन, रंध्याच्या टेबलाच्या घसरपट्ट्या यांना हात लावू देऊ नका. नवा भाग मागा. एपॉक्सीने तडा झाकला जातो, जोडला जात नाही.

याच ठिकाणी विकणारा 'थोडी सूट देतो, ठेवून घ्या' म्हणतो. पत्रा चेपला असेल, रंग गेला असेल तर सूट खुशाल घ्या. तड्यावर घेऊ नका.

आल्या आल्या बटण दाबणं

धीर नसलेल्यांची आवडती चूक. मोटर जड असते आणि प्रवासात आपल्या पायांवर उड्या मारत आलेली असते. आधी सगळं हाताने फिरवून बघा. पट्टा पुलीवरून उतरलाय का, पंख्याचं झाकण चेपून आत घासतंय का, मोटरच्या पायाला तडा आहे का, पातं कुठे टेकतंय का. तीन फेजची मोटर उलटी फिरली तर ते नुकसान नव्हे, दोन वायरी अदलाबदल करायच्या. तेवढ्यासाठी विकणाऱ्याला शिव्या घालणारेही पाहिलेत.

सगळं खापर ट्रकवर फोडणं

टेबलावर सरळ पट्टी ठेवली, खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं, शिरलं, की 'वाटेत वाकलं' अशी ओरड. साबूत बिडाचं टेबल गाडीच्या हादऱ्याने पसरट वाकत नाही. ओतकाम नीट मुरण्याआधी यंत्रावर घेतलं की ते मागाहून हलतं. तो बनवणाऱ्याचा दोष, वॉरंटीत सांगायचा. त्याआधी माहितीपुस्तिकेत किती फरक चालतो म्हणून दिलंय ते बघा. फेन्स वाकडी लागली असेल तर गुण्या घ्या आणि जुळवा. टेबलावर गंजाचे पुसट डाग असतील तर हलकं तेल आणि बारीक घासणी पुरते. थंडीतून आलेलं मशीन लगेच उघडलं तर त्यावर दव धरतं आणि असले डाग तुमच्याच शेडमध्ये पडतात, म्हणून थोडा वेळ झाकलेलंच राहू द्या.

आणि या बारीकसारीक

टेबलाच्या कडेला किंवा फेन्सच्या नळीला पट्टा अडकवून मशीन उचलू नका, उचलायच्या जागा पुस्तिकेत दाखवलेल्या असतात.

आधी दुरुस्त करून मग तक्रार करू नका.

फोनवरचं आश्वासन धरू नका. सगळं लेखी, फोटोसकट, मशीनवरच्या नंबरप्लेटच्या फोटोसकट.

खोका, फोम, पट्ट्या दावा मिटेपर्यंत ठेवा. नवा भाग आला तरी तुटलेला जपून ठेवा. विम्याचा माणूस कधीही बघायला येऊ शकतो, आणि भंगारात गेलेला तुकडा त्याला दाखवता येत नाही.