बडोद्यात नव्याने आलात? पुस्तकं आधी वरच्या फळीवर ठेवा

जून उजाडला की आमच्याकडे नवीन माणसं येतात. कुणाची रिफायनरीत बदली झालेली असते, कुणी मकरपुऱ्याच्या एखाद्या कारखान्यात रुजू झालेलं असतं, कुणाची मुलगी युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली असते. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘इथे मराठी पुस्तकं मिळतात का हो?’ मिळतात. पोत्याने मिळतात. पण तुम्ही सोबत जी आणलीत, ती कुठे ठेवलीत ते आधी सांगा.

भाड्याचं घर बघताना लोक स्टेशन किती लांब, पार्किंग आहे का, शेजारी नॉनव्हेज चालतं का, असलं सगळं विचारतात. 2019 आणि 2024 ला पाणी कुठवर आलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. दलालाला विचारूही नका, तो ‘इथे कधीच येत नाही’ असंच म्हणणार. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, नाहीतर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला. तो बोलतही नाही, भिंतीवर बोट ठेवून दाखवतो.

विश्वामित्री शहराच्या मधोमध वाहते. एरवी तिच्याकडे बघून ही कधी कुणाच्या घरात शिरेल असं वाटत नाही. नव्या माणसाला तिच्यातल्या मगरींचंच कौतुक. पण पावागढाच्या बाजूला जोराचा पाऊस झाला, आजवाचा तलाव भरला आणि शहरातही तो कोसळत राहिला, की हीच नदी सोसायट्यांत येते. 2019 च्या जुलैअखेरीस एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता. 2024 च्या ऑगस्टमध्ये तर कितीतरी घरांत दिवसचे दिवस पाणी होतं.

आमच्या ओळखीचं एक जोडपं तळमजल्यावर राहायचं. पुण्याहून पुस्तकांची खोकी आणलेली, ‘कपाट करून घेऊ, मग लावू’ म्हणत पलंगाखाली सरकवलेली. कपाट काही झालं नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीला गेलो, तर खोक्यांचे तळ हातात आले आणि पुस्तकं तिथेच राहिली. साधा कागद फुगला होता, तो पुढे बराचसा सुधारला. पण त्यांच्याकडचे चित्रकलेचे गुळगुळीत कागदाचे जाडजूड ग्रंथ सगळ्या पानांसकट एकमेकांना चिकटून वीट झाले होते. सुरीनेही पान सुटेना. त्यातली काही त्या बाईंच्या वडिलांची होती. ती पुन्हा छापली जाणार नाहीत आणि विकतही मिळणार नाहीत.

तेव्हा खोकं जमिनीवर नको. पलंगाखाली नको. ‘चार दिवसांपुरतं’सुद्धा नको. कपाट नसेल तर डायनिंग टेबलावर रचा आणि जेवा खाली बसून. तळमजल्यावर असाल तर निदान कमरेच्या वर ठेवा आणि जून ते सप्टेंबर माळ्यावर चढवा. बायको कटकट करेल, नवरा कटकट करेल, करू द्या.

एवढं सांगूनही भिजलीच, तर उन्हात टाकू नका. आपल्याकडे पापड, गहू आणि पुस्तक सगळ्यांवर ऊन हाच उपाय, पण पुठ्ठा वाकतो आणि पानं ठिसूळ होतात. चिंब पुस्तक उघडायची घाई करू नका, ओलं पान लगेच फाटतं. पाणी निथळू द्या. मग पानं जरा सुटी होतील असं उभं करून पंख्याखाली ठेवा, मध्ये मध्ये कोरा टिपकागद किंवा साधा शोषणारा कागद घाला आणि तो बदलत राहा. गुळगुळीत कागदाचं पुस्तक मात्र वाळायच्या आत पान पान सोडवावं लागतं, एकदा वाळलं की संपलं. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, म्हणून जी हाताळायला वेळ नाही ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये टाका. हसू नका. ग्रंथालयांतही भिजलेली पुस्तकं गोठवून वाचवतात. बुरशी धरलेलं पुस्तक इतरांपासून लांब ठेवा.

वाळवीला इथे उधई म्हणतात. भिंतीला चिकटवून कपाट ठेवू नका, एवढंच.

आता ग्रंथालय. मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी. अर्ज कसा, कागदपत्रं कोणती हे सगळं काउंटरवर सांगतात, त्यात अवघड काही नाही. अवघड आहे ते जाणं. अलकापुरीकडे राहणाऱ्यांना मांडवीची गर्दी नको असते. रिक्षा करा, गाडी नेऊ नका. गेल्यावर नुसतं पुस्तक घेऊन परत फिरू नका, जमेल तर आतली मांडणी बघायला परवानगी मागा. लोखंडी रॅकांचे मजले आणि त्यांच्यामध्ये जाड काचेची जमीन, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत पोचावा. विजेच्या दिव्यावर भिस्त न ठेवता शंभर वर्षांपूर्वी केलेला विचार आहे तो.

सयाजीराव आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. 1875 मध्ये गादीवर आले तेव्हा तेही या गावात नवखेच होते. अमेरिकेतली ग्रंथालयं बघून आल्यावर त्यांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. तीन वर्षांत त्या माणसाने वर्गीकरणाची पद्धत बसवली आणि ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग सुरू केला. गावोगाव वाचनालयं निघाली, आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली जायची.

हे सगळं तुम्हाला इथला प्रत्येक जुना मराठी माणूस पहिल्या भेटीत ऐकवेल, डोळ्यांत पाणी आणून. मान डोलवा. मग हळूच विचारा, ‘काका, शेवटचं पुस्तक कधी बदलून आणलंत?’ बहुतेक विषय बदलतो. माझा राग आहे तो एवढाच. महाराजांचा अभिमान घरोघरी आहे, लायब्ररीचं कार्ड मात्र घरोघरी नाही.

तरी दांडियाबाजार, रावपुरा भागातली ही जुनी मंडळी जपा. यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढ्या इथे वाढल्या. घरात मराठी, बाजारात गुजराती, पेपर गुजराती, मुलांची शाळा इंग्रजी. साहित्य संमेलन या गावात 1909, 1921, 1934 आणि 2018 असं चार वेळा भरलं. शेवटच्या दोघांमधलं अंतर बघा, चौऱ्याऐंशी वर्षं. एवढा काळ ही भाषा त्यांनी फारशी कुणाच्या मदतीशिवाय घरात टिकवली आहे. ती तुमच्या कोथरूडसारखी ऐकू येणार नाही.

म्हणून हात जोडून सांगते, कुणाचं मराठी सुधारायला जाऊ नका. आमच्या वाचनाच्या बैठकीत एक आजी यायच्या. ऐंशीच्या पुढच्या, लहानपणी वाचलेल्या कादंबऱ्यांतले प्रसंगच्या प्रसंग तोंडपाठ. एकदा त्या रंगून सांगत असताना नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी मध्येच थांबवलं, ‘आजी, ते वाक्य मराठीत असं होत नाही.’ आजी हसल्या, ‘बरं हं’ म्हणाल्या. पुढचा तासभर बोलल्या नाहीत. चहाच्या वेळी माझ्याशी गुजरातीत बोलल्या, आणि पुढच्या महिन्यापासून यायच्याच बंद झाल्या. ते गृहस्थ वर्षभराने बदली होऊन गेले.

‘पुण्यात असं नसतं’ हे वाक्यही पहिले सहा महिने तोंडातून काढू नका. नंतर आपोआप सुटतं.

गुजराती वाचायला शिका. बोलायचं सगळे आपोआप शिकतात, वाचायचं टाळतात, आणि दहा वर्षांनीही दुकानाची पाटी मुलाकडून वाचून घेतात. शिरोरेषा नाही आणि निम्म्याहून जास्त अक्षरं आपलीच, पंधरवड्यात जमतं. ख, च, ज, फ, ब, भ असली थोडी वेगळी आहेत ती आधी घोटा. पाचाचा आकडा ‘प’ सारखा दिसतो, बसच्या पाटीवर घोटाळा होतो. अक्षरं बसली की कथासंग्रहाच्या आधी वर्तमानपत्रातल्या रविवारच्या पुरवण्या घ्या, भाषा सोपी असते. काका कालेलकर साताऱ्यात जन्मलेले, इथे बडोद्यात गंगनाथ विद्यालयात शिकवायला आले, आणि पुढे 1965 चं साहित्य अकादमी पारितोषिक त्यांना मिळालं ते गुजराती पुस्तकासाठी. आपल्याला निदान वाचता यायला हरकत नाही. शेजारच्या गुजराती बेन तुमच्या हातातल्या पुस्तकाची किंमत आधी विचारतील, लेखक नंतर. वाईट वाटून घेऊ नका, त्या साडीचीही विचारतात. पण एकदा गप्पा जमल्या की असं वाचलेलं बाहेर येतं की आपण गप्प बसावं.

बैठक सुरू करायची असेल तर जरूर करा, नवीन माणसांनीच केल्या तर होतात. दुपारी एक ते चार बोलवू नका, गाव झोपतं. नवरात्रात अजिबात नको, नऊ रात्री कुणी तुमचं नाही, आणि उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस सगळे गच्चीवर असतात. सुरुवात कुणाच्या मताने न करता पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचून करा, म्हणजे ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनाही बोलता येतं. स्वतःच्या कविता वाचायला परवानगी देऊ नका. एकाला दिलीत की बैठक गेली. चहा शेवटी.

दिवाळी अंक एकट्याने विकत घेत बसू नका. आठ-दहा घरं मिळून प्रत्येकी दोन वेगवेगळे अंक घ्या आणि पंधरा दिवसांनी फिरवा. होळीपर्यंत सगळ्यांचं सगळं वाचून होतं.

आणि उसन्या पुस्तकांची वही ठेवा. नाव, तारीख, पुस्तक, मुखपृष्ठ फाटकं होतं की धड. तोंडी व्यवहार नको, कितीही जवळची माणसं असोत. मार्चअखेरीस बदलीच्या ऑर्डरी निघायला लागतात, मे महिन्यात ट्रक भरले जातात आणि तुमचं पुस्तक कुणाच्या तरी सामानातून जामनगरला नाहीतर पानिपतला पोचतं. फेब्रुवारी संपायच्या आत वही उघडून एकेकाला फोन लावा.