मुलांच्या कयाकिंग शिबिराचा विमा कसा काढावा

शिबिराचं पत्रक छापून होतं, टी-शर्ट येतात, आणि विमा आठवतो तो आदल्या रात्री. हा क्रम उलटा करा. 1938 च्या विमा कायद्याच्या 64 व्हीबी कलमानुसार हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय विम्याचं संरक्षण सुरूच होत नाही. मुलं शनिवारी पाण्यात उतरली आणि हप्ता सोमवारी भरला, तर ते दोन दिवस रामभरोसे. निदान तीन आठवडे आधी कामाला लागा.

त्याआधी परवानग्या. पैठणचा नाथसागर म्हणजे जायकवाडी पक्षी अभयारण्य, तिथे जलसंपदा विभागाबरोबर वनविभागही आला. नांदेडचं विष्णुपुरी असो की माजलगाव, धरणाच्या पाण्यात नाव घालायला लेखी होकार हवाच. शुल्क घेऊन उपक्रम चालवत असाल, तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीचंही बघा. हे कागद नसले की क्लेमच्या वेळी कंपनीला आयतं कारण मिळतं.

आता एजंटकडे जा आणि दोन वेगळ्या पॉलिसी मागा. पहिली गट वैयक्तिक अपघात विम्याची. वल्हवताना नाव उलटली, मुलाचा खांदा निखळला, तर पैसे हिच्यातून येतात. पण मूळ पॉलिसी मृत्यू आणि अपंगत्वापुरतीच असते. दवाखान्याचा खर्च जोडून घ्यावा लागतो. शिबिरात मुलांना लागतं ते बहुतेक टाके, प्लास्टर इतकंच, म्हणून मी तर आधी या जोडणीचीच रक्कम विचारतो.

दुसरी पब्लिक लायबिलिटी. पालकांनी संस्थेवर निष्काळजीपणाचा दावा लावला, तर वकील आणि भरपाई हिच्यातून. इथे ‘नॉन-इंडस्ट्रियल’ हा शब्द वापरा, नाहीतर समोरचा 1991 च्या पब्लिक लायबिलिटी विमा कायद्याची पॉलिसी पुढे करील. ती घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. आणि एक प्रश्न हमखास विचारा: शिबिरातली मुलं ‘त्रयस्थ’, म्हणजे भरपाई मागू शकणारी तिसरी व्यक्ती, धरली आहेत का? काही पॉलिसींत सहभागी खेळाडूच वगळलेले असतात. मग काठावर उभा असलेला माणूस विम्यात आणि नावेतलं पोरगं बाहेर.

आमच्या पहिल्या शिबिराला एकाने ‘शाळेची पॉलिसी आहे, सगळं येतं यात’ म्हणून कागद दिला. चहा पिता पिता मागचं पान वाचलं, तर जलक्रीडा वगळलेल्या. तेव्हापासून तोंडी आश्वासनावर माझा भरवसा नाही. आरोग्य विम्याच्या ठरावीक कलमात व्यावसायिक म्हणून साहसी खेळात भाग घेतल्यास उपचारखर्च नाकारलेला असतो. यादीत राफ्टिंग, गिर्यारोहण आहे आणि ‘इतकंच नव्हे’ अशी मेखही आहे. अपघात विम्यात ही अट आणखी कडक असू शकते. म्हणून प्रस्ताव अर्जात ‘नौकाविहार’ असं गोड नाव लिहू नका. कयाकिंग, कॅनोइंग, धरणाचं नाव, तारखा, मुलांची वयं, लाइफ जॅकेट किती, जीवरक्षक किती, सारं लिहा. पॉलिसी हातात आली की त्यात ‘कयाकिंग’ शब्द स्वतः शोधा. नसेल तर ‘एंडोर्समेंट’ मागा, म्हणजे कंपनीचं शिक्क्याचं दुरुस्तीपत्र.

नावांची यादी हा सगळ्यात दुर्लक्षित कागद. नावानिशी पॉलिसी असेल, तर यादीबाहेरच्या मुलाला एक रुपयाही मिळत नाही. आणि ऐन वेळी कुणाचा मामेभाऊ येतोच. ‘येऊ द्या ना सर, एकच तर आहे!’ अशा वेळी त्याला काठावर बसवून पोहे द्या, नाव मेल करून कंपनीची पोच आली की मगच पाण्यात.

पालकांचं संमतीपत्र घ्या, पण ते विम्याच्या जागी चालत नाही. अल्पवयीन मुलाला करार करता येत नाही, आणि ‘आमची जबाबदारी नाही’ लिहून घेतल्याने निष्काळजीपणा माफ होत नाही. 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना 18 ते 70 वयाची. प्रशिक्षकांना ठीक, मुलांना नाही. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांची राजीव गांधी अपघात योजना हे सरकारचं सानुग्रह अनुदान आहे, तुमच्या संस्थेचं संरक्षण नव्हे. मुलांना धरणावर मालवाहू टेम्पोत नेऊ नका. त्यातल्या प्रवाशांची भरपाई द्यायला वाहनाचा विमा बहुधा नकार देतो.

अपघात झालाच तर आधी मूल, मग कागद. पण त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा. दवाखान्यात अपघाताची नोंद, गंभीर असेल तर पोलीस पंचनामा, त्या दिवसाचं हजेरीपत्रक आणि लाइफ जॅकेट घातलेला फोटो, एवढं एका फायलीत ठेवा. कंपनीने क्लेम नाकारला, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. ती फेटाळली किंवा तिला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मराठवाड्यासाठी त्याचं कार्यालय पुण्यात आहे. तिथे तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.