छोट्या रीफ टाकीचा संप: आधी पंप बंद करून बघा

संप, म्हणजे रीफ (प्रवाळांच्या) टाकीखाली ठेवलेली गाळणीची काचेची टाकी, म्हटला की बहुतेकांच्या डोक्यात आधी स्किमर येतो, म्हणजे फेसासोबत घाण बाहेर काढणारं यंत्र. कोणता घ्यायचा, बसेल ना, रेफ्युजियमला, म्हणजे शेवाळ वाढवायच्या खणाला, जागा उरेल का? मला कुणी विचारलं की मी आधी वेगळंच विचारते: वीज गेली की तुमचं पाणी कुठे जाणार? याचं उत्तर लिटरमध्ये देता आलं, की मगच काचा कापायला द्या.

समजा, वरची टाकी 60 × 45 × 45 सेंटिमीटरची आहे. तिचा तळ 2,700 चौरस सेंटिमीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की 2.7 लिटर पाणी खाली येतं. पंप थांबला की पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे वरचं पाणी संपात सोडणाऱ्या डब्याच्या, दातांपर्यंत उतरतं. रिटर्नचं, म्हणजे पंपाचं पाणी वर आणणाऱ्या नळीचं, तोंड त्याहून खोल असेल, तर सायफन लागून ते उघडं पडेपर्यंत पाणी उलटं वाहत राहतं. म्हणून ते तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवा. पातळी एकूण 2.5 सेंटिमीटर उतरली तर पावणेसात लिटर झाले. ओव्हरफ्लोच्या डब्यातलं आणि नळ्यांमधलं धरून दहाचा हिशेब करा. संप 60 × 35 चा असेल, तर या दहा लिटरने त्याची पातळी जवळपास 5 सेंटिमीटर चढते. 40 सेंटिमीटर उंच संपात चालू पातळी 22 च्या आसपास ठेवली, तर हे पाणी सहज मावतं.

सायफन तोडायला रिटर्नच्या नळीला बारीक भोक पाडतात, ते जरूर पाडा. पण त्यावर विसंबू नका. कोरॅलाइन शेवाळ आणि गोगलगायी अशी भोकं गुपचूप बुजवतात. चेक व्हॉल्व्हचंही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेचंही) तेच: आत चुन्याचा एक कण अडकला तरी झडप नीट बसत नाही. हिशेब ही दोन्ही नाहीतच असं धरून करायचा.

आता उलटा हिशेब, जो बरेच जण करतच नाहीत. ओव्हरफ्लो तुंबला आणि पंप चालूच राहिला, तर? पंप आपल्या खणातलं पाणी उपसून वर टाकत राहणार. हा खण 15 × 35 चा, पातळी 18 सेंटिमीटर आणि पंपाला हवा न ओढता चालायला 6 सेंटिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर वर जाऊ शकतं 6.3 लिटर. वरच्या टाकीत ते साधारण अडीच सेंटिमीटर भरेल. तेवढी जागा काठाखाली मोकळी असेल, तर जमीन कोरडी राहते. रिटर्नचा खण मुद्दाम लहान ठेवायचा तो यासाठी.

लहान खणाचीही किंमत मोजावी लागते. बाकीच्या खणांची पातळी मधल्या काचा ठरवतात, त्यामुळे सगळं बाष्पीभवन या एकाच खणात दिसतं. रोज दोन लिटर उडत असतील, तर इथे पातळी दिवसाला जवळपास 4 सेंटिमीटर घसरते आणि तीन दिवसांनी पंप हवा ओढू लागतो. म्हणून ऑटो टॉप-अप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय, हवाच, आणि त्याचा सेन्सर याच खणात. भर घालायची ती आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) गोड्या पाण्याची, कारण उडतं ते पाणी. मीठ मागेच राहतं. टॉप-अपच्या नळीचं टोक संपातल्या पाण्यात बुडवू नका. साठ्याची पातळी वर असेल, तर मोटर थांबल्यावरही सायफनने तो सगळा संपात रिकामा होतो आणि क्षारता कोसळते.

पंप घेताना मोह आवरा. 120 लिटरच्या टाकीला संपातून तासाला 500 लिटर पुरे. प्रवाळांना लागणारा जोराचा प्रवाह टाकीतच बसवलेला वेव्ह पंप देतो. डब्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो, तेव्हा तुमच्या उंचीला किती उरतो ते पंपासोबतच्या आलेखात बघा. कमी प्रवाहाचा फायदा बुडबुड्यांच्या सापळ्यात दिसतो. तीन काचा: पहिलीवरून, दुसरीखालून, तिसरीवरून. फट 3 सेंटिमीटर ठेवली, तर 35 सेंटिमीटर रुंद संपात पाणी सेकंदाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकतं, आणि बहुतेक बुडबुड्यांना वर निसटायला अवधी मिळतो. पंप तिप्पट केला की वेगही तिप्पट, आणि टाकीभर धुरळ्यासारखे बुडबुडे.

पंपाचा खण, सापळा आणि काचांची जाडी वजा जाता उरतात साधारण 35 सेंटिमीटर. ते सगळे मी स्किमर, फिल्टर सॉक (कचरा अडवणारी पिशवी) आणि हीटरला देते. एवढ्याशा संपात रेफ्युजियम कोंबू नये असं माझं ठाम मत आहे. मूठभर कीटोमॉर्फा शेवाळासाठी स्किमरची जागा जाते. स्किमरला ठरावीक खोलीचं पाणी लागतं. ती खोली त्याच्या माहितीपत्रकात बघा आणि पहिल्या काचेची उंची त्यावरून ठरवा. हीटरही याच खणात, जिथे पातळी हलत नाही.

काचा कापायच्या आधी पुठ्ठ्याचा संप बनवा, अगदी खऱ्या मापाचा. तो कपाटाच्या दारातून आत सरकवा. स्किमरच्या उंचीचा डबा आत ठेवा आणि स्किमरचा घाण जमणारा कप काढायचा म्हणून हात वर उचला. मनगट वरच्या फळीला अडतं की नाही, ते तिथेच कळतं. कप दर दोन-तीन दिवसांनी धुवायचा असतो. हात अडला की धुणं लांबतं.

ओव्हरफ्लोला दोन नळ्या द्या: एक गेट व्हॉल्व्हने साधलेला पूर्ण सायफन (हवा न घेता भरून वाहणारी नळी), दुसरी आणीबाणीची, बहुतेक कोरडी. भोकं पाडण्याआधी काच टेम्पर्ड (उष्णतेने कडक केलेली) नाही ना, याची खात्री करा. टेम्पर्ड काच ड्रिल लागताच चुरा होते. सिलिकोन बुरशीनाशक नसलेलं घ्या आणि आठवडाभर वाळू द्या. प्लगांच्या वायरी सॉकेटपाशी पोचण्याआधी खाली झोल देऊन न्या, म्हणजे ओघळ झोलावरच गळून पडतो.

मग गोड्या पाण्याने चाचणी. सगळं चालू करा, पातळी स्थिरावली की संपाच्या काचेवर टेपची पट्टी लावा. पंप बंद करा, पाणी चढून थांबलं की तिथे दुसरी पट्टी. पुन्हा चालू करून सायफनची नळी हाताने दाबून धरा, आणीबाणीची नळी एकटी सगळं पाणी नेते का ते बघा. खालची पट्टी पुढे काढू नका. रिटर्नच्या खणात पाणी कधीही तिच्या वर भरायचं नाही.